आधी यादी, मग प्रदर्शन

प्रश्न फोंड्याहून आला आहे. थोडक्यात असा: "इतिहास घेऊन बी.ए. झाले. कला-इतिहासकार व्हायचं आहे, पुढे प्रदर्शनं क्युरेट करायची आहेत. कोणता कोर्स घेऊ? गोव्यात राहून जमेल की मुंबई-दिल्ली गाठावी लागेल? पोर्तुगीज शिकावी लागेल का? आणि यात पोट भरतं का, असं बाबा विचारतात. त्यांना काय सांगू?"

जमेल. बाबांच्या प्रश्नालाही उत्तर आहे, त्यावर नंतर येते. तुम्ही कोर्सपासून सुरुवात केलीत, मी यादीपासून करते. माझ्या पाहण्यात या कामात जे टिकले, ते कसल्या ना कसल्या यादीवर टिकले. कुणाकडे एका तालुक्यातल्या देवळांच्या भिंतींची यादी आहे, कुणाकडे एकाच चित्रकाराच्या विखुरलेल्या चित्रांची, कुणाकडे जुन्या फोटो स्टुडिओंतल्या काचांची. वस्तू काय, कुठे, कुणी केली, केव्हा केली, आज मालक कोण, अवस्था कशी. एवढं ज्याच्या वहीत नीट उतरलंय, त्याच्याकडे प्रदर्शन भरवणारे स्वतःहून येतात, परदेशातले संशोधक मेल पाठवतात, आणि घर विकायला काढलेला भाटकारही (जमीनदार) एकदा विचारून जातो. पदव्या काय, सगळ्यांकडेच असतात.

तरी कोर्सचं सांगून टाकते. बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठातली ललित कला शाखा १९५० ची आहे. तिथला कला-इतिहास विभाग मी अजूनही पहिला सुचवते. दिल्लीत जेएनयू, शांतिनिकेतनात कलाभवन, आणि वस्तुसंग्रहालयशास्त्र किंवा जतनाकडे ओढा असेल तर नोएडाची इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ हेरिटेज, म्हणजे पूर्वीची नॅशनल म्युझियम इन्स्टिट्यूट. मूर्तिशास्त्र आणि पुरातत्त्व यांसाठी पुण्याचं डेक्कन कॉलेज. पणजीत आल्तिनोवरचं गोवा कला महाविद्यालय १९७२ चं, पण तिथला भर चित्र काढण्यावर आणि उपयोजित कलेवर आहे. तेव्हा दोन वर्षं बाहेर काढा आणि परत या. नेट, म्हणजे प्राध्यापकीची पात्रता परीक्षा, देऊन ठेवा, दृश्यकला किंवा संग्रहालयशास्त्र यांपैकी जे बसेल त्यात. इतिहासातून आलेल्यांची एक बाजू लंगडी असते, ती म्हणजे हाताला माध्यम माहीत नसतं. एकदा तरी स्वतः कॅनव्हास ताणा, अस्तर द्या, जलरंग कागदात कसा मुरतो ते बघा. नाहीतर चित्रावर पन्नास पानं लिहाल, आणि ते तैलरंगात आहे की गव्हाशमध्ये (अपारदर्शक जलरंगात), ते पाटी वाचून सांगाल.

पाहायला शिकायचं तर जुनं गोवं आहेच. सेंट फ्रान्सिस ऑफ आसिसीच्या मठात भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचं संग्रहालय आहे, १९६४ पासूनचं. तिथे व्हाइसरॉय आणि गव्हर्नरांच्या तसबिरींची रांग आहे. ही मालिका १५४७ मध्ये तेव्हाचे पोर्तुगीज गव्हर्नर जुआंव द काश्त्रु यांनी सुरू करवली. देखरेख गास्पार कोर्रैया या इतिवृत्तकाराची होती आणि कुंचला इथल्याच एका चित्रकाराचा, ज्याचं नाव लिहून ठेवायची गरज कुणाला वाटली नाही. पुढच्या शतकांत या तसबिरी पुन्हा पुन्हा रंगवल्या गेल्या. म्हणजे माणूस सोळाव्या शतकातला, पण आपल्याला दिसणारा वरचा रंग कितीतरी नंतरचा असू शकतो. पर्यटक ती रांग चालता चालता संपवतात. तुम्ही एकाच तसबिरीसमोर तासभर उभ्या राहा. खाली फळी आहे की कापड? भेगा कुठे आहेत आणि कुठे अचानक थांबतात? खालच्या लेखातल्या अक्षरांचं वळण कोणत्या काळाचं? चिलखत बारकाईने काढलंय आणि हात मात्र मेणाचे वाटतात, असं का? कला-इतिहास असल्या प्रश्नांनी सुरू होतो. "भाव किती सुंदर" हे वाक्य माझ्या विद्यार्थ्यांना मी वहीत लिहू देत नाही.

आता पोर्तुगीज. हो, शिकावी लागेल. बोलण्याची सफाई नको, वाचण्यापुरती पुरे. पणजीच्या पुराभिलेख खात्याचा उगम १५९५ पर्यंत मागे जातो, पहिला अभिलेखपाल दियोगु दु कोउतु. लिस्बनशी झालेला पत्रव्यवहार, इगर्जींचे (चर्चचे) आणि मठांचे हिशेब, गावकरींच्या, म्हणजे गावच्या सामाईक जमिनीचा कारभार पाहणाऱ्या संस्थांच्या, वह्या असं सगळं तिथे आहे, आणि त्यात कारागिरांना दिलेल्या पैशांच्या नोंदीही मधूनच सापडतात. त्याच्या जोडीला मोडी. अंत्रुज (म्हणजे तुमचा फोंडा), पेडणे, सत्तरी, डिचोली इथल्या घराण्यांचे कागद मोडीत मिळतात, काही त्याहून जुने कानडी वळणाच्या लिपीत. तिन्ही एकदम शिकायला जाऊ नका. विषय ठरवा, त्याला जी लिपी लागते ती आधी शिका. गोव्यात पोर्तुगीज वाचणारे अजून मिळतात आणि मोडी वाचणारेही मिळतात. दोन्ही वाचून समोरच्या भिंतीवरचा चुनाही ओळखणारे फार थोडे आहेत. तुमच्यासाठी रिकामी जागा तिथे आहे.

यादी कशी होते हे जरा सविस्तर सांगते, कारण कोर्समध्ये हे शिकवत नाहीत आणि गोव्याची गोष्टच वेगळी आहे.

आपल्याकडे मोठा ठेवा संग्रहालयांत कमी आणि घरांत, देवळांत, इगर्जींत जास्त. घरांपासून बोलू. पोर्तुगीज काळापासून इथे वारसाहक्काचा कायदा वेगळा. माणूस गेला की मालमत्तेची इन्व्हेन्तार होते, म्हणजे कोर्टासमोर सगळ्या चीजवस्तूंची मोजदाद. आता हे २०१२ च्या गोवा उत्तराधिकार कायद्याखाली चालतं, पण जुन्या फाइली पाहिल्यात तर त्यांत दिवाणखान्यातल्या खुर्च्या, तसबिरी, देवघरातलं चांदीचं सामान, आल्तारावरच्या (ख्रिस्ती वेदीवरच्या) मूर्ती यांच्या ओळीच्या ओळी मिळतात, किमतीसह. भारतात दुसरीकडे एखाद्या तसबिरीचा माग काढताना "आजोबांच्या वेळेपासून आहे" यापुढे गाडी सरकत नाही. इथे नशिबाने साथ दिली तर ती तसबीर कोणत्या साली कोणत्या मुलाच्या वाट्याला गेली हेही कागदावर सापडतं.

याच कायद्याची दुसरी बाजू तुम्हाला प्रदर्शनाच्या वेळी भेटेल. घर अविभक्त असेल तर भिंतीवरच्या चित्राला एक मालक नसतो. एक भाऊ म्हापशात, बहीण मुंबईत, पुतणे लिस्बनला आणि टोरांटोला. शिवाय नवरा-बायकोची मालमत्ता समाईक धरली जाते. म्हाताऱ्या काकींनी मोठ्या मनाने "न्हे गो, तुका दिलें" (ने गं, तुला दिलं) म्हटलं म्हणून चित्र गाडीत घालायचं नसतं. मी उसनवारीच्या करारावर नवरा-बायको दोघांच्या सह्या घेते आणि बाकीच्या वारसांची संमती ईमेलवर मागवते. यात महिने जातात. दिल्लीहून आलेल्या आयोजकांना हे पटत नाही, आणि मग उद्घाटनाच्या आदल्या दिवशी एखाद्या पुतण्याची नोटीस येते तेव्हा पटतं.

घरात शिरण्याचीही एक रीत आहे. पहिल्या भेटीत कॅमेरा काढू नका, किंमत विचारू नका, आणि कुणी तुम्हाला विचारली तर सांगू नका. "सरकार घेऊन जाईल" ही भीती सगळीकडे असते. १९७२ च्या पुरावशेष कायद्याप्रमाणे शंभर वर्षांहून जुनी मूर्ती किंवा चित्र हा पुरावशेष ठरतो, सचित्र हस्तलिखितांसाठी ही मर्यादा ७५ वर्षं आहे. ठरलेल्या प्रकारांतल्या वस्तूंची नोंदणी करावी लागते आणि त्या देशाबाहेर नेता येत नाहीत. पण नोंदणी केल्याने मालकी जात नाही. हे वाक्य मी इतक्या बल्कांवांवर, म्हणजे घरांपुढच्या ओसऱ्यांवर, बसून सांगितलं आहे की आता लोकच मला सांगतात. हस्तिदंताचं तेवढं वेगळं. सतराव्या शतकात गोव्यात घडलेल्या, 'उत्तम मेंढपाळ' रूपातल्या बाळ येशूच्या हस्तिदंती मूर्ती जगभरच्या संग्रहालयांत आहेत. डोळे मिटून, गालाला हात लावून बसलेलं ते मूल पाहिलं की ते घडवणाऱ्याच्या डोळ्यांपुढे कोणत्या मूर्ती असाव्यात याचा विचार आपोआप सुरू होतो. दंत बहुतेक मोझांबिकच्या बाजूने यायचा. पण आज हस्तिदंताच्या खरेदी-विक्रीवर बंदी आहे, तेव्हा असं काही दिसलं तर नोंद करा आणि मालकाला वकिलाकडे पाठवा. "गिऱ्हाईक बघून देतो" म्हणणाऱ्या माणसाशी तुमचं नाव जोडलं जाता कामा नये.

देवळांत घाई आहे, खरोखरची. कावी, म्हणजे देवळांच्या भिंतींवरची तांबडी-पांढरी चित्रं, माहीत असेलच. शिंपले भाजून केलेला चुना, रेती आणि गूळ घालून मुरवायचा, भिंतीला पांढरा थर द्यायचा, त्यावर कावेचा तांबडा थर, आणि तो ओला असतानाच लोखंडी टोकाने खरवडून खालचा पांढरा उघडा पाडायचा. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन पुन्हा दगड होतो आणि रंग त्याच्यात कायमचा अडकतो, म्हणून आपल्या पावसातही ही चित्रं शतकभर उभी राहतात. मोरजीचं मोरजाईचं देऊळ पाहिलं नसेल तर आधी ते पाहा. सिंधुदुर्गापासून उत्तर कन्नडपर्यंतच्या पट्ट्यात ही कला होती, आणि तिचा सगळ्यात मोठा शत्रू पाऊस नाही, जीर्णोद्धार आहे. चिऱ्याच्या भिंतीला सिमेंटचा गिलावा दिला की आतली ओल बाहेर पडायला वाट राहत नाही. ती शेजारच्या चुन्यात शिरते, क्षार वर येतात, आणि दोन-चार पावसाळ्यांत कावीचा थर पापुद्र्यासारखा सुटतो. मग समिती म्हणते, खराबच झाली होती, टाइल्स घातल्या. श्रद्धेने केलेलं काम असतं, त्यांच्यावर रागावून उपयोग नाही. जीर्णोद्धाराची वर्गणी सुरू झाल्याचं कानावर आलं की त्याच आठवड्यात जाऊन पोचायचं. सोबत मोजपट्टी, रंगपट्टी, आणि भिंतीला जवळजवळ चिकटून बाजूने मारता येईल असा दिवा. त्या तिरप्या उजेडात खरवडलेल्या रेघा अशा उठतात की एका कारागिराचा हात दुसऱ्यापासून वेगळा करता येतो. महाजनांकडे, म्हणजे देवळाच्या वंशपरंपरागत कारभाऱ्यांकडे, जुन्या वह्या असतात. आपल्या देवस्थानांना मामलेदाराच्या देखरेखीखाली हिशेब ठेवावे लागत आले आहेत, त्यामुळे गवंड्याला किती दिले हे सापडण्याची आशा असते. समितीला फोटोंची एक प्रत छापून, बांधून द्या. मी देते. पुढच्या गावात तुमची ओळख त्या प्रतीनेच होते.

आता प्रदर्शन. बाहेरून पाहणाऱ्याला क्युरेटर म्हणजे चित्रं निवडणारी व्यक्ती वाटते. निवड हा त्यातला सगळ्यात छोटा आणि सुखाचा भाग. त्याआधी प्रदर्शनाला काहीतरी म्हणायचं असावं लागतं, आणि ते तुमच्या यादीतून निघतं. एक उदाहरण घेते. आंतोनियु शाव्हियेर त्रिंदाद (१८७०–१९३५) मुंबईच्या जे.जे.मध्ये शिकवत होते, वास्तववादी व्यक्तिचित्रांसाठी त्यांचं नाव झालं. आंजेलु द फोन्सेका (१९०२–१९६७) शांतिनिकेतनात शिकले, मरियेला साडी नेसवली आणि आयुष्य पुण्यात काढलं. साळगावात १९२४ मध्ये जन्मलेल्या फ्रान्सिस न्यूटन सोझांनी १९४७ मध्ये मुंबईत प्रोग्रेसिव्ह ग्रुप हा चित्रकारांचा गट उभा केला आणि पुढे लंडन गाठलं. दीनानाथ दलाल गोमंतकीय, पण त्यांचा 'दीपावली' हा दिवाळी अंक १९४५ पासून निघाला तो मुंबईतून. लक्ष्मण पै मडगावचे, मुंबई आणि पॅरिस करून आले आणि १९७७ ते १९८७ गोवा कला महाविद्यालयाचे प्राचार्य होते. पाचही माणसं वेगळ्या वाटेची, शैलीत एकमेकांशी काही संबंध नाही. पण शेजारी ठेवली की एक प्रश्न उभा राहतो: यांतल्या प्रत्येकाला चित्रकार होण्यासाठी गोवा सोडावा का लागला? १९७२ पर्यंत इथे कला महाविद्यालयच नव्हतं, हे त्याचं एक उत्तर. गिऱ्हाईक कोण होतं, इगर्ज काय मागत होती, देऊळ काय मागत होतं, ही बाकीची. अशा प्रश्नाभोवती भिंती उभ्या राहतात. "गोव्याचे महान चित्रकार" या नावाखाली नुसती रांग लागते.

यांतली चित्रं पाहायला मिळतात, हेही सांगते. त्रिंदाद कुटुंबाचा संग्रह पणजीत फोंतैन्यश भागातल्या फुंदासांव ओरियेंत या पोर्तुगीज संस्थेकडे आहे, फोन्सेकांची बरीच चित्रं पर्वरीच्या झेवियर सेंटर ऑफ हिस्टॉरिकल रिसर्चकडे. ख्रिस्ती कलेचं संग्रहालय १९९४ मध्ये राशोलच्या सेमिनारीत (पाद्री घडवणाऱ्या शाळेत) सुरू झालं, २००२ मध्ये जुन्या गोव्यातल्या सांता मोनिका मठात आलं आणि नूतनीकरणानंतर २०२२ मध्ये पुन्हा उघडलं. वस्तू मांडावी कशी, उजेड कुठून यावा, हे शिकायला मी विद्यार्थ्यांना तिथे नेते.

मग येतो गोव्याचा पाऊस. कागदावरच्या कामाला साधारण ५० लक्सपेक्षा (लक्स हे उजेडाचं माप) जास्त उजेड देत नाहीत, तैलचित्राला १५० ते २०० चालतो. लक्स-मीटर स्वस्तात मिळतं, पहिल्या मानधनातून ते आणि एक आर्द्रतामापक घ्या. हवेतली सापेक्ष आर्द्रता ६५–७० टक्क्यांच्या वर टिकून राहिली की बुरशी धरते, आणि आपल्याकडे जुलैत ती ८५–९० सहज असते. म्हणून घरांतून आणलेल्या जलरंगांचं प्रदर्शन मी डिसेंबर-जानेवारीशिवाय करत नाही, कितीही आग्रह झाला तरी. आणखी एक गोष्ट लोकांना उलटी वाटते. एका दालनात, नाव नको, दिवसभर कडक ए.सी. आणि सहा वाजता वीज बचतीसाठी बंद, असं चाललं होतं. रात्रीत आर्द्रता वर, सकाळी खाली, रोज. कागद फुगतो-आकसतो, रंगाचा थर तेवढा हलत नाही, आणि मग तो तडकतो. आम्ही ए.सी. पूर्ण बंद करायला लावला, पंखे ठेवले, दारं ठरावीक वेळी उघडली. पाहुण्यांना घाम आला, चित्रं सुखरूप राहिली. स्थिर वाईट हवा ही रोज बदलणाऱ्या चांगल्या हवेपेक्षा बरी. चिऱ्याच्या बाहेरच्या भिंतीवर चौकट थेट टेकवू नका, मागे बुचाचे तुकडे लावून बोटभर फट ठेवा. काच कागदाला चिकटू देऊ नका, मध्ये आम्लविरहित पुठ्ठ्याचा माउंट हवाच. आणि जुन्या चौकटीचा मागचा भाग उघडताना त्यावरचा कागद फाडून फेकणारा फ्रेमवाला भेटला तर त्याला तिथेच थांबवा. दुकानाची चिठ्ठी, जुना पत्ता, प्रदर्शनाचा क्रमांक, सगळा माग त्या कागदावर असतो.

वस्तू हलवण्याआधी तिची अवस्था लिहायची, फोटोसह, मालकासमोर, दोघांच्या सह्यांनी. परत देताना तोच कागद काढायचा. विमा भिंतीवरच्या खिळ्यापासून पुन्हा त्याच खिळ्यापर्यंतचा, टेंपोतला आणि रात्रीचा काळ धरून. तैलरंगावर बबल रॅप थेट गुंडाळू नका, फुग्यांचे गोल ठसे रंगावर उठतात आणि जात नाहीत. चित्राचा मध्य जमिनीपासून १४५ ते १५० सेंटिमीटरवर, म्हणजे बहुतेकांच्या नजरेसमोर येतो. पाट्या पन्नास-साठ शब्दांच्या, आणि तीन भाषांत. मराठी-कोकणी पाटी इंग्रजीवरून उतरवून काढली की आपल्या लोकांना लगेच कळतं, ते दुसरी ओळ वाचत नाहीत. तुम्ही मराठी पाटी आधी लिहा आणि इंग्रजी तिच्यावरून करा.

कायद्याची एक बाब सगळे विसरतात. चित्र विकत घेतलं म्हणजे ते कॅटलॉगमध्ये छापायचा हक्क मिळत नाही. तो चित्रकाराकडे आणि त्याच्यामागे वारसांकडे राहतो, मृत्यूच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षं. त्रिंदादांची चित्रं त्यामुळे मोकळी झाली आहेत. फोन्सेकांचा हक्क २०२७ च्या अखेरपर्यंत आहे, सोझा २००२ मध्ये गेले म्हणजे २०६२ पर्यंत, लक्ष्मण पै २०२१ मध्ये गेले म्हणजे २०८१. टी-शर्टवर छापायची उत्साही कल्पना कुणी मांडली की ही वर्षं सांगा.

बाबांचा प्रश्न. नोकऱ्या आहेत, थोड्या. राज्य संग्रहालय, पुराभिलेख, पुरातत्त्व सर्वेक्षणाचं गोवा मंडळ, इथल्या जागा परीक्षेने आणि क्वचित निघतात. नेट करून महाविद्यालयात सहायक प्राध्यापक झालात तर सातव्या वेतन आयोगाप्रमाणे मूळ वेतन ५७,७०० पासून, पण तुमच्या विषयाची जागा निघायला हवी. न्यास आणि खासगी संग्रहालयं कंत्राटावर घेतात. २०१६ पासून पणजीत डिसेंबरमध्ये सेरेंडिपिटी हा कला महोत्सव भरतो, जुन्या गोमेकॉसारख्या (गोवा वैद्यकीय महाविद्यालयासारख्या) इमारतींत. तिथे प्रदर्शन उभारणीची कामं मिळतात आणि शिकायला पुष्कळ मिळतं, पण तो तीन-चार महिन्यांचा हंगाम. माझ्यासारखे मोकळे काम करणारे चार ठिकाणचं मिळून जगतात: प्रदर्शनाचं मानधन, कॅटलॉगचं लिखाण, घराण्यांच्या संग्रहाची नोंदणी, आणि जुन्या कागदांचं वाचन-भाषांतर. शेवटची दोन कामं बारमाही आहेत आणि यादी-लिपीवाल्याकडेच येतात. पहिली काही वर्षं ओढाताणीची जातील, हे बाबांपासून लपवू नका. मानधन टप्प्यांनी घ्या, पहिला टप्पा संशोधन सुरू करण्याआधी. "आधी एक प्रस्ताव पाठवा" म्हणून सगळी यादी काढून घेणारे आणि मग दुसऱ्याकडून काम करवणारे मला भेटले आहेत, तुम्हालाही भेटतील. प्रस्तावात वस्तू लिहा, घराचं नाव आणि गाव लिहू नका.

एक उत्पन्न मात्र कधीही नको. चित्रकार वासुदेव गायतोंड्यांचं एक चित्र २०१३ मध्ये मुंबईच्या लिलावात २३.७ कोटींना गेलं, तेव्हापासून गोव्यातल्या माळ्यावर प्रत्येकाला गायतोंडे नाहीतर सोझा सापडतो. "एक पत्र लिहून द्या, खरं आहे एवढंच" अशी विनंती येते, सोबत पाकीट. लिहू नका. तुम्ही मांडलेल्या चित्राच्या विक्रीवर टक्केवारीही घेऊ नका. आपला गोवा लहान आहे, संध्याकाळपर्यंत म्हापशाला कळतं आणि त्यानंतर एकही घर तुम्हाला दार उघडत नाही.

शेवटी तुमच्याबद्दल. फोंडा तालुक्यात राहता, मराठी वाचता-लिहिता. हे तुमचं भांडवल आहे आणि बडोद्याला जाऊन ते मिळत नाही. गोव्याच्या कलेवर आजवरचं बरंचसं लेखन पोर्तुगीज-इंग्रजी कागदांवरून झालं. त्यामुळे इगर्जी आणि किनाऱ्यावरची मोठी घरं उजेडात आली. मराठी कागदांवर जगलेली कला तशीच राहिली. दिवाळी अंकांची मुखपृष्ठं आहेत, चवथीच्या गणपतींच्या चित्रशाळा आणि त्यांतली चितारी घराणी आहेत, आणि माझ्या मते सगळ्यात निकडीचे म्हणजे उत्सवी नाटकांचे रंगवलेले पडदे. राजवाडा, अरण्य, रस्ता. कितीतरी देवस्थानांच्या खोल्यांत ते गुंडाळून पडले आहेत, वाळवी आणि उंदीर त्यांच्यावर आहेत, आणि फ्लेक्स आल्यापासून कुणी उलगडतही नाही. एम.ए.चा अर्ज भरायला वेळ आहे. तुमच्या देवळाची जत्रा कधी ते बघा, आधीच्या आठवड्यात खोली साफ करायला काढतात, तेव्हा समितीच्या माणसाला सांगून जा. पडदा जमिनीवर पसरायला चार माणसं लागतील, खाली धुतलेली चादर घाला. लांबी-रुंदी, कापडाचा जोड, रंग पाण्यातला की तेलातला, फाटलेल्या जागा लिहून घ्या, आणि मागची बाजू उलटी करून बघायला विसरू नका, कारण चित्रकाराचं नाव आणि साल असलं तर ते बहुधा मागेच, एखाद्या कोपऱ्यात असतं. वही भरली की मला कळवा. तुमच्या बाजूचे दोन-तीन पडदे माझ्या नोंदीत आहेत, ते पडताळून घेऊ.